सहा फणी तिरप्या चकतीचं पेरणीयंत्र: बाजरी-तुरीच्या २:१ पेरणीत कसं उतरतं

बाजरी आणि तूर २:१ ओळींत, म्हणजे बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक, घ्यायची हे कोरडवाहू पट्ट्यात कोणाला सांगावं लागत नाही. बाजरी सप्टेंबरात निघते, मोकळ्या झालेल्या जागेत तूर फांद्या टाकते. पाऊस ऑगस्टमध्ये दडला तर तुरीची खोल मुळी तग धरते, मागून आला नाही तर निदान बाजरी पदरात पडलेली असते. अडचण येते ती पेरणीच्या दिवशी. तिफणीला, म्हणजे बैलांच्या तीन फणी पाभरीला, मागे सरतं (हाताने बी सोडायची नळी) बांधून तूर टाकणारी जाणती बाई मिळेल तिथे आजही काम सुरेख होतं. पण वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन-तीन दिवसच टिकतो आणि तिफण गावात एखादीच उरली आहे. म्हणून ट्रॅक्टरच्या मागचं सहा फणी, तिरप्या चकतीचं पेरणीयंत्र या कामाला कितपत लायक आहे, ते इथे पाहू. अशी यंत्रं बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी बनतात आणि रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या यंत्राचं आहे.

रचना अशी. प्रत्येक फणाला स्वतःची बियाण्याची पेटी, पेटीच्या तळाशी तिरपी बसवलेली खाचांची चकती. जमिनीवर फिरणारं चाक चेनने चकती फिरवतं. एकेक खाच बी उचलून वर नेते आणि नळीत सोडते. खताची पेटी सगळ्यांना मिळून एक, तिच्यात खाचांचे रोलर. फण चौकटीवर यू-क्लॅम्पने आवळलेले, त्यामुळे अंतर हवं तसं सरकवता येतं. आंतरपिकासाठी खरी किंमत आहे ती वेगळ्या पेट्यांची. सहा ओळींना एकच लांब पेटी असलेलं जुन्या पद्धतीचं यंत्र या कामाला घेऊ नका. त्यात पुठ्ठ्याचे आडोसे लावून तूर वेगळी ठेवण्याचा उद्योग करतात, पण धक्क्यांनी पुठ्ठा सरकतो आणि बाजरीच्या ओळीत तूर उगवते. दोन्ही बियाणं एकत्र मिसळून पेरणं तर त्याहून वाईट. बारीक बाजरी हादऱ्यांनी तळाला जाते, तूर वर राहते, म्हणजे शेताच्या एका टोकाला नुसती बाजरी आणि दुसऱ्या टोकाला नुसती तूर.

आता सगळ्यात मोठी चूक. विक्रेता यंत्र जोडून देताना डावीकडून बाजरी-बाजरी-तूर, बाजरी-बाजरी-तूर अशा पेट्या भरायला सांगतो. कागदावर हे बरोबर दिसतं. पण ट्रॅक्टर बांधावरून वळून परत येतो तेव्हा यंत्राची डावी बाजू उजवीकडे गेलेली असते. पहिल्या फेरीची शेवटची ओळ तुरीची आणि तिला लागून दुसऱ्या फेरीचीही तुरीचीच. पुढच्या सांध्याला, म्हणजे दोन फेऱ्या जुळतात तिथे, उलट, बाजरीच्या चार ओळी सलग. सगळ्या शेतभर आलटून पालटून असंच होत जातं. शेजारी आलेल्या दोन तुरी ४५ सें.मी.वर एकमेकींत घुसतात, आतल्या बाजूच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, फवारणीचं द्रावण आत पोचत नाही. ही चूक उगवण झाल्यावरच दिसते, तेव्हा हातात काही नसतं.

योग्य मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी असते: बाजरी-तूर-बाजरी, बाजरी-तूर-बाजरी. म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या पेटीत तूर, बाकी चारांत बाजरी. यंत्र कुठूनही वळवा, दोन तुरींमध्ये बाजरीच्या बरोबर दोन ओळी राहतात. याच हिशेबाने तीन, सहा किंवा नऊ फणांचं यंत्र २:१ ला चालतं. पाच फणांचंही खपतं, कारण सोयाबीनला ते सोयीचं पडतं, पण २:१ ला ते बसत नाही. कशाही पेट्या भरा, सांध्याला गडबड होतेच. त्यातले दोन फण आणि त्यांच्या पेट्या बंद ठेवून तीनच चालवणं एवढाच मार्ग उरतो, मग मोठं यंत्र घेतलं कशाला?

सांध्याचं अंतरही ४५ सें.मी.च राहायला हवं. त्यासाठी यंत्राला दोन्ही बाजूंना मार्कर, म्हणजे पुढच्या फेरीची रेघ ओढणारा दांडा, असलाच पाहिजे. काही यंत्रांत तो 'जादा' म्हणून वेगळा विकतात. आधी तो घ्या, रंगरंगोटी मागून. अंतर सरळ राहिलं तर कोळपं सगळ्या शेतात एकसारखं चालतं. सांधा ३० वर आला तर तेवढ्या पट्ट्यात खुरपं घेऊन बसावं लागतं.

बियाण्याचा हिशेब एकदा घालून ठेवला की चकती निवडणं सोपं जातं. सगळ्या ओळी ४५ सें.मी.वर आणि दर तिसरी तुरीची, म्हणजे तुरीच्या दोन ओळींत १३५ सें.मी. एका एकरात तुरीची ओळ भरते सुमारे ३,००० मीटर आणि बाजरीची ६,०००. तूर २० सें.मी.वर पडली तर १५,००० दाणे. बीडीएन ७११ सारख्या वाणाच्या शंभर दाण्यांचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणून दीड किलो लागतं, तूट धरून दोन किलो. बाजरीत रोपं १५ सें.मी.वर ठेवायची असली तरी पेरणी दाट करून विरळणी करावी लागते. धनशक्तीसारख्या टपोऱ्या दाण्याच्या वाणाचे हजार दाणे १२-१३ ग्रॅम भरतात. एकरी एक किलो टाकलं तर मीटरला १३-१४ दाणे पडतात, विरळणीनंतर ६-७ रोपं राहतात. बाजरीला एक खाच-एक दाणा हा हट्ट धरू नये. खाचेत दोन-तीन दाणे आले तरी चालतं, तुरीत मात्र चालत नाही.

यंत्राबरोबर येणाऱ्या चकत्यांत 'बाजरी' लिहिलेली चकती असतेच, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास नको. चकती फिरवणारं चाक जॅकवर उचला, त्यावर खडूने खूण करा, प्रत्येक नळीच्या तोंडाला पिशवी बांधा आणि चाक हाताने २० वेळा फिरवा. चाकाचा व्यास ४० सें.मी. असेल तर २० फेऱ्यांत २५ मीटर होतात. तुरीच्या पिशवीत १२५ च्या आसपास दाणे हवेत. बाजरी मोजत बसू नका. ६० फेऱ्या द्या आणि छोट्या काट्यावर वजन करा, एका ओळीला साधारण साडेबारा ग्रॅम यायला हवी. मग पिशवीतली बाजरी तळहातावर पसरून उन्हात बघा. राखाडी दाण्यांत पांढरे तुकडे चमकले तर चकती आणि पेटीचा काठ यांत फट आहे, बारीक दाणा तिथे अडकून भरडला जातो. चकती दाबून धरणारी स्प्रिंग सैल असते किंवा चकतीच वाकलेली असते. हे विकत घेतानाच पाहावं. भरडलेलं बी वजनात भरतं, उगवणीत भरत नाही.

शेतात चाक थोडं घसरतं, म्हणून दहा फेऱ्यांत यंत्र प्रत्यक्ष किती गेलं ते टेपने मोजा. साडेबाराऐवजी साडेतेरा मीटर गेलं तर दाण्यांतलं अंतर आठ टक्क्यांनी वाढलं. चाकाला लोखंडी पाती असतील तर घसरण कमी होते.

खोलीच्या बाबतीत या यंत्राला मी सर्वात कमी गुण देतो. बाजरी दोन-तीन सें.मी.वर पडली पाहिजे. पाचवर गेली, वरून सर येऊन जमिनीला खपली धरली की कोंब आतच वळून मरतो. तुरीला चार-पाच सें.मी. लागते, वर पडली तर चार दिवसांच्या उघडिपीत बी भिजून सुकतं. म्हणजे एकाच चौकटीवरून दोन वेगवेगळ्या खोलीवर बी पडायला हवं. ज्या फणाच्या दांड्याला ठरावीक अंतरावर भोकं आहेत त्यात हे जमत नाही, भोकांतलं अंतर फार मोठं असतं. साधा दांडा आणि आवळणारा बोल्ट असलेलं यंत्र घ्या. सपाट कोब्यावर यंत्र टेकवा, बाजरीच्या चारही फणांखाली दोन सें.मी. जाडीची फळी सरकवा, तुरीचे दोन फण थेट कोब्याला टेकू द्या आणि बोल्ट आवळा. पाच मिनिटांचं काम, पण यंत्राबरोबरच्या पुस्तिकांत ते क्वचितच सापडतं.

फण पुढे-मागे दोन रांगांत असतात, धसकटं अडकू नयेत म्हणून. ट्रॅक्टरची वरची लिंक आखूड राहिली तर चौकट पुढे झुकते आणि पुढच्या रांगेचे फण खोल जातात. एक ओळ उगवली आणि एक नाही असं दिसलं तर बियाण्याला दोष देण्याआधी ही लिंक पाहा.

बीजप्रक्रिया आणि चकती यांचं जमवून घ्यावं लागतं. बाजरीला अरगट या कणसावरच्या बुरशीजन्य रोगासाठी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ, तरंगलेलं काढून टाकायचं, उरलेलं स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचं. मग गोसावी (केवडा) रोगासाठी मेटॅलॅक्सिल ३५ टक्के हे बुरशीनाशक, किलोला ६ ग्रॅम. तुरीला ट्रायकोडर्मा ही मर रोखणारी उपयोगी बुरशी, नंतर रायझोबियम हे जिवाणू खत. रायझोबियम गुळाच्या पाण्यात लावतात आणि इथेच घोटाळा होतो. चिकट दाणा खाचेला धरून बसतो, चकती रिकामी फिरते. सावलीत पसरून हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळवा. गूळ कमी घाला, पाणीही जेमतेम.

खताची पेटी हा दुसरा कमकुवत भाग. मध्यम जमिनीत बाजरीला हेक्टरी ५०:२५:२५ किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी शिफारस आहे, अर्धं नत्र पेरणीला. एकरात १०:२६:२६ हे मिश्रखत (आकडे त्याच क्रमाने टक्के) सुमारे ३८ किलो टाकलं की स्फुरद-पालाश पुरतं, नत्र मात्र सहा किलो कमी पडतं, म्हणजे १३ किलो युरिया. तो या पेटीत मिसळू नका. पावसाळी हवेत दोन्हींचं मिश्रण पाणी धरतं, रोलरभोवती गोळे होतात आणि दोन ओळी खताविना राहतात. युरिया वेगळा द्या. शिवाय सगळ्या ओळींना सारखंच खत पडतं, तुरीची गरज वेगळी असली तरी. प्रत्येक तोंडाला खत कमी-जास्त करणारी वेगळी पट्टी असलेलं यंत्र मिळालं तर तुरीच्या ओळीत स्फुरद वाढवता येतं. बी आणि खत एकाच नळीतून पडत नाही ना, हेही पाहा. खत बियाण्याच्या बाजूला चार-पाच सें.मी. आणि थोडं खाली पडायला हवं. बियाण्याला चिकटून पडलं आणि ओल कमी असली तर कोंब करपतो.

चालवताना वेग ताशी तीन-साडेतीन किलोमीटर. पाचवर नेलं की खाचा भरत नाहीत, तूर तुटक उगवते. भाड्याने पेरणारा चालक एकरावर पैसे घेतो, त्याला घाई असते, म्हणून वेग आधीच ठरवून घ्या. २.७ मीटर रुंदी आणि या वेगाने, वळणं आणि पेट्या भरणं धरून, तासाला दीड एकर होतं. दिवसाला दहा-बारा एकर. वापशाच्या मोजक्या दिवसांत हीच या यंत्राची सर्वात मोठी बाजू आहे आणि त्यासाठी वरचे सगळे दोष सोसण्यासारखे आहेत.

यंत्र उभं असताना खाली सोडू नका. ट्रॅक्टर चालू लागल्यावर टेकवा, नाहीतर फणाचं तोंड मातीने बुजतं आणि सबंध फेरी कोरडी जाते. काळ्या जमिनीत हे फार होतं. नळ्या पारदर्शक घ्या, गुळगुळीत आणि शक्य तितक्या आखूड. वळ्यांच्या नळीत बाजरी उड्या मारत पडते आणि पुंजके होतात. तरीही मागे एक माणूस चालता ठेवाच, बाजरी पडतेय की नाही हे ट्रॅक्टरवरून दिसत नाही. पेटी पाव भागाच्या खाली गेली की उतारावर बी एका बाजूला सरकतं, चकतीला मिळत नाही. शेवटच्या एकराला तूर थोडी जास्तच घेऊन ठेवा.

बाजरीच्या ओळींवर माती दाबणारं चाक असलेली यंत्रं महाग असतात. हलक्या, मुरमाड जमिनीत ती उगवणीला उपयोगी पडतात. चिकट काळ्या जमिनीत ओलीवर चाकाला चिखल गुंडाळतो, तिथे त्याऐवजी मागे साखळी बांधली तरी पुरते.

घ्यायचं ठरलं तर तपासणी केंद्राचा अहवाल असलेलंच घ्या, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या अनुदानालाही तो लागतो. बिलावर दोन तुरीच्या आणि चार बाजरीच्या चकत्या, दोन मार्कर आणि एक जादा चेन लिहून घ्या. पेरणी संपली की त्याच संध्याकाळी खताची पेटी रिकामी करून धुवा, रोलर काढून कोरडे करा, जळकं तेल लावा. रात्रभर राहिलेलं १०:२६:२६ पत्र्याला खातं आणि पुढच्या मृगाला रोलर हलत नाहीत. चकत्या काढून, पिकाचं नाव लिहून, घरात ठेवा.