दोन फुटांच्या टँकला कोणता फिल्टर: स्पंज, हँग-ऑन की कॅनिस्टर?

फिल्टर घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "टँक किती फुटांचा?" प्रश्न रास्तच आहे. पण घरून निघताना आणखी दोन गोष्टी मनाशी ठरवून जा: मासे कोणते ठेवणार, आणि तुमच्या भागात वीज किती वेळ जाते. माझ्याकडे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोन टँक आहेत, एकावर स्पंज आणि दुसऱ्यावर हँग-ऑन. दोन्ही वापरून माझं मत असं झालंय की, पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्याने स्पंजपासून सुरुवात करावी. गोल्डफिश ठेवायचे असतील तर मात्र नाही.

मत सांगण्याआधी फिल्टरचं खरं काम समजून घेऊ, कारण सगळी निवड त्यावर ठरते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. तो माशांसाठी विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासे बरंच सहन करतात आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. या जिवाणूंची वस्ती फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि सिरॅमिक रिंगांवर असते. नव्या टँकमध्ये ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. पाणी नितळ दिसतं म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही, हे मी मासे गमावून शिकलो. एकदा स्पंज नळाखाली धरून अगदी लख्ख धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने वस्ती मारली. टँक काचेसारखा दिसत होता आणि चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकत होते. तीन मॉली गेल्या. तेव्हापासून पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळतो, बास.

स्पंज फिल्टरमध्ये मोटर नसते. बाहेरचा एअर पंप हवा ढकलतो, बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी ओढतात आणि ते पाणी स्पंजमधून गाळून येतं. बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही. प्रवाह मंद असतो, त्यामुळे लांब परांच्या बेटा माशाला त्रास होत नाही, गप्पीची पिल्लं आणि झिंगे ओढले जात नाहीत. बुडबुडे पाण्याचा वरचा थर हलवत राहतात, हा उन्हाळ्यात मोठाच फायदा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच.

आणि वीज. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी ती तासन्‌तास जाते. स्पंज टँकच्या पाण्यातच असल्याने त्यातली वस्ती लगेच गुदमरत नाही, शिवाय बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जोडला की काम चालू. एक खबरदारी मात्र घ्या: पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. दोष म्हणाल तर पंपाची गुणगुण (खाली जाड फोमचा तुकडा ठेवला की बरीच कमी होते), टँकमध्ये दिसणारा काळा गोळा, आणि जड घाण उचलण्याची कमी ताकद.

हँग-ऑनची बाजू इथेच भारी पडते. तो मागच्या काचेवर टांगतात. छोटी मोटर पाणी वर ओढते, ते स्पंज आणि रिंगांतून जाऊन धबधब्यासारखं परत पडतं. गोल्डफिश खूप खातात आणि खूप घाण करतात, त्यांना हाच हवा. साफ करायला सोपा, टँकमध्ये हात घालावा लागत नाही. २ बाय १ बाय १ फुटाच्या टँकमध्ये सुमारे ५० लिटर पाणी मावतं. ते तासाला चार-पाच वेळा फिरावं, म्हणजे २०० ते २५० लिटर. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, म्हणून ३०० ते ४०० लिहिलेला घ्या. पिल्लं असतील तर ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंजचा तुकडा चढवा. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवनाने पातळी उतरली की धबधब्याचा आवाज वाढतो, आणि वीज परत आल्यावर काही फिल्टर पाणी ओढतच नाहीत, मोटर कोरडी फिरत राहते. त्यामुळे वीज आली की एकदा डोकावून बघा. घेण्याआधी झाकणही तपासा. साच्यातल्या झाकणाच्या तयार टँकवर हँग-ऑन बहुधा बसतच नाही. तिथे आत बसणारा पॉवर फिल्टर घ्यावा लागतो. तो ठीक आहे, पण मीडियाला, म्हणजे आतल्या स्पंज-रिंगांना, जागा कमी.

कॅनिस्टर म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला डब्याचा फिल्टर. तो तीन फुटांच्या आत नको. मोठ्या टँकला मात्र उत्तम: शांत, मीडिया भरपूर, टँकमध्ये फक्त दोन नळ्या. पण डबा बंद असतो. वीज काही तास गेली की आतला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी थेट माशांवर येतं. लांब खंड पडला तर डबा रिकामा करूनच परत सुरू करा. जिथे रोजच वीज जाते तिथे मी तो घेणार नाही.

विजेच्या बिलाची काळजी नको. ३ वॅटचा एअर पंप महिनाभर अखंड चालला तरी सव्वादोन युनिटच्या आत, ६ वॅटचा हँग-ऑन सव्वाचार-साडेचार युनिट. पैसे वाचवायला रात्री फिल्टर बंद करू नका.

बेटा, गप्पी, टेट्रा, झिंगे असतील तर स्पंज. गोल्डफिश किंवा मोठे होणारे एंजल असतील तर हँग-ऑन, आणि जमलं तर सोबत एक स्पंजही. एक बंद पडला तर दुसऱ्यातली वस्ती टँक सांभाळते. कोणताही घ्या, मासे मात्र नंतर आणा. ओळखीत कुणाचा निरोगी टँक वर्षभर चालू असेल तर त्याच्या मळक्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा, ओलाच ठेवून त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये घाला. वस्ती बसायला लागणारे आठवडे बरेच कमी होतात.