लाल, हिरवं की निळं: कोकणातल्या घरासाठी रे ट्रेसिंगचं कार्ड

देवगडहून भाच्याचा फोन आला. त्याच्याकडचं जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड गेली काही वर्षं गुमान चाललं होतं, पण ‘डूम: द डार्क एजेस’ हा गेम त्यावर उघडलाच नाही. कार्डात रे ट्रेसिंगची, म्हणजे उजेडाचे किरण मोजून चित्र काढण्याची, सोय नाही, मग खेळही नाही. “मामा, आता लाल घेऊ की हिरवं?” लाल म्हणजे एएमडी, हिरवं म्हणजे एनव्हिडिया. इंटेलचं निळं त्याने विचारलंही नाही, पण तेही बघायला हवं. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून जमवलेले पैसे आहेत, चुकीच्या डब्यात जायला नकोत.

त्याची मशीन अशी: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, १०८०पी मॉनिटर. आपल्याकडे बऱ्याच घरांत साधारण हेच असतं, म्हणून त्याला सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. नुसते गेम खेळायचे असतील तर १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी घ्या. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरचं काम असेल किंवा पाथ ट्रेसिंगचीच (जवळपास सगळा उजेड किरणांनीच काढणाऱ्या जड रे ट्रेसिंगची) ओढ असेल तर १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय. ८ जीबीचं कार्ड, लाल असो वा हिरवं, रे ट्रेसिंगसाठी घेऊ नका. रंगाचा विचार मेमरीनंतर.

आता कारणं.

आमच्या रत्नागिरीच्या जुन्या घरात माजघरावर एक काचेचं कौल आहे. दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर उतरतो आणि तेवढ्यावर अख्खं माजघर उजळतं. एक भिंत उघड्या जांभ्याची आहे, तिच्यासमोरच्या चुन्याच्या भिंतीवर त्या वेळी हलकी तांबूस झाक येते. ऊन जमिनीवर आपटतं, तिथून जांभ्यावर, जांभ्यावरून चुन्यावर, आणि प्रत्येक ठिकाणचा थोडा रंग सोबत नेतं. जुन्या पद्धतीच्या गेममध्ये, म्हणजे रास्टरायझेशनमध्ये, ही झाक आपोआप येत नाही. कलाकार ती आधी मोजून भिंतीच्या चित्रात मुरवून ठेवतो किंवा कोपऱ्यात लपवलेला दिवा लावतो. दार लोटलं तरी मुरवलेला उजेड तसाच राहतो. रे ट्रेसिंगमध्ये उजेडाचा प्रवास तिथल्या तिथे मोजला जातो, म्हणून दार लोटलं की माजघर खरंच अंधारतं.

प्रतिबिंबाचंही तसंच. मांडवीच्या ओल्या काळ्या वाळूत संध्याकाळी होडी उलटी दिसते. मान खाली घालून नुसती वाळू बघितली तरी ती तिथेच असते. जुन्या युक्तीत प्रतिबिंब पडद्यावर दिसणाऱ्या चित्रातूनच उचललेलं असतं, त्यामुळे कॅमेरा खाली वळून होडी पडद्याबाहेर गेली की वाळूतली होडीही पुसली जाते. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक गेममध्ये डोळ्यांना खुपतं.

ही कल्पना जुनी आहे. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली आरसे आणि काचेतून फिरणाऱ्या किरणांची पद्धत मांडली, तेव्हा एक चित्र तयार व्हायला ७४ मिनिटं लागत होती. गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं हवीत. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, म्हणजे पिक्सेलमागे एकच किरण सोडला तरी सेकंदाला १२ कोटी ४४ लाख किरण झाले. प्रत्येक किरण दृश्यातल्या लाखो त्रिकोणांपैकी कशावर आदळला ते शोधायचं. त्यासाठी दृश्य खोक्यांत बांधतात, पत्त्यासारखं: तालुका, गाव, वाडी, घर. किरण तालुक्याच्या खोक्याला शिवलाच नाही तर त्यातली सगळी गावं एका झटक्यात बाद. या बांधणीला बीव्हीएच म्हणतात.

तिन्ही कंपन्यांची खरी चुरस हा पत्ता कोण शोधतो यावर झाली. एनव्हिडियाने सप्टेंबर २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० आणलं, त्यात तालुक्यापासून घरापर्यंतची सगळी पायपीट करणारा वेगळा भाग, आरटी कोर, होता. नोव्हेंबरमध्ये ‘बॅटलफील्ड ५’ आला आणि डबक्यात जळत्या घराचं प्रतिबिंब हलताना दिसलं. सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, धाडकन खाली आल्या, तरी ते दृश्य मी विसरलेलो नाही. एएमडीने दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, आरएक्स ६८०० मालिकेत उत्तर दिलं, पण अर्धंच. किरण खोक्याला शिवला का, हे तपासायला हार्डवेअर दिलं, पुढे कुठल्या वाडीत जायचं ते ठरवण्याचं काम मात्र सामान्य शेडरवर, म्हणजे चिपच्या नेहमीचे हिशेब करणाऱ्या भागावर, ठेवलं. चिपवरची जागा वाचली, वेग गेला. लाल कार्ड रे ट्रेसिंगला मागे, हा समज तिथून पक्का झाला, आणि तेव्हा तो बरोबरच होता. इंटेल २०२२ मध्ये आर्क घेऊन आली, तीही पायपीट हार्डवेअरवर सोपवून. नवख्या कंपनीने पहिल्याच फेरीत हे केलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या आरएक्स ९०७० मालिकेपासून एएमडीचं चित्र बदललं. खोकी आणि त्रिकोण तपासण्याचा दर मागच्या पिढीच्या दुप्पट झाला, वस्तूच्या कलाने तिरकी बसणारी खोकीही आली. २०२० चं मत धरून आजचं लाल कार्ड नाकारणं चूक होईल.

आपल्या आवाक्यातली चार कार्डं अशी आहेत. किंमत अमेरिकेत जाहीर झालेली आहे, फक्त आपसातला फरक कळावा म्हणून. पीसीआयई लेन म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटा.

| कार्ड | आलं कधी | मेमरी | वीज | पीसीआयई लेन | जाहीर किंमत |
|---|---|---|---|---|---|
| आरएक्स ९०६० एक्सटी | जून २०२५ | १६ जीबी | १६० वॅट | १६ | ३४९ डॉलर |
| आरटीएक्स ५०६० टीआय | एप्रिल २०२५ | १६ जीबी | १८० वॅट | ८ | ४२९ डॉलर |
| आरटीएक्स ५०६० | मे २०२५ | ८ जीबी | १४५ वॅट | ८ | २९९ डॉलर |
| आर्क बी५८० | डिसेंबर २०२४ | १२ जीबी | १९० वॅट | ८ | २४९ डॉलर |

पहिली दोन ८ जीबीतही मिळतात, नाव तेच. दुकानात ‘९०६० एक्सटी’ एवढंच म्हणालात तर हातात ८ जीबीचं पडू शकतं. खोक्यावरचा आकडा वाचा.

मेमरीवर एवढा जोर का, ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. बीव्हीएचची ती तालुका-वाडीची यादी कार्डाच्या मेमरीतच राहते. पोत, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं, तिथेच, आणि दोन फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम भरणाऱ्या फ्रेम जनरेशनलाही तिथलीच जागा लागते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण जास्त पैसे मोजतो, तीच आधी मेमरी खाते. ८ जीबी भरली की कार्ड संगणकाच्या रॅमकडे हात पसरतं. भाच्याच्या बी४५० बोर्डावर ती वाट पीसीआयई ३ ची, आणि ८ लेनचं कार्ड तिच्यातली अर्धीच वापरणार. अशा वेळी गेम नुसता संथ होत नाही, अडखळत चालतो. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’मध्ये ८ जीबीवर पोत वरच्या पातळीला ठेवून बघा, कळेल. आरटीएक्स ५०६० चा आरटी कोर उत्तम आहे, पण त्याला पाय पसरायला जागा नाही. १६ जीबीच्या कार्डावर ८ लेनचा तोटा अगदी थोडा जाणवतो.

आता खरी जोडी. माझ्याकडे १६ जीबीचं ५०६० टीआय आहे आणि चिपळूणच्या मित्राकडे १६ जीबीचं ९०६० एक्सटी. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस त्याच्याकडे बसून एकेक गेम दोन्हींवर लावून बघितला. साध्या गेममध्ये हिरवं जरासं पुढे, आकडा झाकला तर सांगता येणार नाही इतकंच. डूम आणि इंडियाना जोन्सवरही लाल कार्ड मजेत चालतं, आणि त्यामागे एक कारण आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्हींच्या आत एएमडीच्या २०२० सालच्या पिढीची चिप आहे. ज्या गेमला रे ट्रेसिंग सक्तीचं आहे, तो त्या कन्सोलवर चालावा लागतो, म्हणून त्यातले किरण मोजून-मापून सोडलेले असतात. सक्तीचं रे ट्रेसिंग हे असं हलकं रे ट्रेसिंग आहे. त्याला ९०६० एक्सटी पुरून उरतं.

‘सायबरपंक २०७७’ चा ओव्हरड्राइव्ह मोड वेगळा. एप्रिल २०२३ मध्ये आलेला हा मोड जवळपास सगळा उजेड पाथ ट्रेसिंगने काढतो. इथे माझं ५०६० टीआय स्पष्ट पुढे गेलं. १०८०पीला डीएलएसएसच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या लहान चित्र मोठं करणाऱ्या तंत्राच्या, मदतीने खेळता येतं. मित्राच्या कार्डावर सेटिंग खाली आणावी लागली, आणि तरी तो खूश होता, कारण त्याला रात्री तासभर शत्रू मारायचे असतात, निऑनच्या पाटीचा उजेड ओल्या डांबरावर कसा पसरतो ते बघत मी उभा राहतो तसा तो राहत नाही. आपण यातले कोण, हे स्वतःला विचारा. ८० डॉलरचा फरक त्यावर ठरतो.

अपस्केलिंगही, म्हणजे लहान चित्र काढून मोठं करण्याचं हे तंत्रही, तोलायला हवं, कारण कमी किरणांमुळे चित्रात रव्यासारखे दाणे येतात आणि ते निवळणं या तंत्रावर अवलंबून असतं. एनव्हिडियाचं डीएलएसएस फेब्रुवारी २०१९ पासून आहे. सप्टेंबर २०२३ च्या ३.५ आवृत्तीत किरणांचे दाणे साफ करणारं रे रीकन्स्ट्रक्शन आलं आणि फरक डोळ्यांना दिसला. एएमडीचं मशीन लर्निंगवर चालणारं एफएसआर ४ मार्च २०२५ मध्ये आलं. ते चांगलं आहे, आधीच्या एफएसआरमध्ये झावळ्यांसारखी बारीक पानं हलताना वळवळायची, ते बरंच थांबलंय. पण ज्या गेममध्ये ते आहे ती यादी डीएलएसएसपेक्षा लहान. फ्रेम जनरेशनच्या चौपट आकड्यांवर मात्र कोणाच्याही जाहिरातीत विश्वास ठेवू नका. मूळ फ्रेम ३० असतील तर पडदा १०० दाखवील, हाताला ३० च लागतील.

इंटेलचं बी५८० स्वस्त आहे, १२ जीबी आहे, किरणांना तयार आहे. नवा प्रोसेसर असता तर मी ते सुचवलं असतं. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो, आणि रायझन ५ ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर त्याचा वेग बऱ्याच गेममध्ये पडतो. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) चालू नसेल तर आणखी. भाच्यासाठी नाही.

ब्लेंडरबद्दल थोडक्यात. मी होमस्टेची त्रिमितीय चित्रं करून देतो, आणि ब्लेंडरच्या सायकल्स या चित्र काढणाऱ्या भागात ऑप्टिक्स हा एनव्हिडियाचा पर्याय निवडला की एनव्हिडियाचे आरटी कोर थेट कामाला लागतात. एएमडीसाठीही आता तशी सोय आहे, पण माझा वेळ हिरव्यावर वाचतो. पोटापाण्याचं काम असेल तर ८० डॉलरची चर्चाच नको.

वीज. दोघांत २० वॅटचा फरक. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला १.८ युनिट. त्यावरून निवडू नका. त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. भाच्याचं घर सड्यावर, कातळात अर्थिंग मुळात नीट मिळत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत खड्डा कोरडा पडला की उरलंसुरलंही जातं. वळवाच्या आधी वीज ये-जा करते, आकाशात कडकडाट असतो. कार्डाआधी अर्थिंग तपासून घ्या, खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओता. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, तो खेळ बंद करण्यापुरता ठीक, पण काही एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारे डबे) त्याच्या चौकोनी लहरीवर बिथरतात, म्हणून दोन्ही जोडून दुकानातच चालवून बघा. ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा, यूपीएस असला तरी.

आणि खारी हवा. माझ्या आधीच्या कार्डाच्या मागच्या पोर्टवर तिसऱ्या पावसाळ्यात हिरवा थर आला. वॉरंटीचे काही महिने उरले होते. कुरिअरने पाठवलं, गंज म्हणून परत आलं. तेव्हापासून मशीन खिडकीपासून लांब, जमिनीपासून वर ठेवतो आणि आषाढ-श्रावणात रोज अर्धा तास तरी चालवतो, आतल्या उबेने ओल धरत नाही. वापरात नसलेल्या पोर्टना रबरी टोप्या लावतो. कार्ड घेताना वॉरंटीच्या कागदावर गंजाबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि सर्व्हिस सेंटर मुंबईला की पुण्याला ते विचारा. दोन कार्डांची किंमत सारखी आली तर मी याच गोष्टीवर निवडीन.

२०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत, त्याची झळ १६ जीबीच्या कार्डांना लागते. आपल्या दुकानात दोघांमधला फरक जाहीर ८० डॉलरपेक्षा खूपच कमी भरला तर भाच्यालाही मी ५०६० टीआयच सांगेन. नाहीतर ९०६० एक्सटी, आणि वाचलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस, कारण त्याच्याकडचा कुठल्या कंपनीचा आहे ते त्याच्या डब्यावर लिहिलेलंसुद्धा नाही.

कार्ड बसवल्यावर त्याला पहिल्यांदा डूम लावू देणार नाही. ‘क्वेक २ आरटीएक्स’ लावणार. १९९७ चा गेम, २०१९ मध्ये सगळा उजेड पाथ ट्रेसिंगने काढून पुन्हा आणलेला. सुरुवातीचे टप्पे फुकट आहेत, लाल कार्डावरही चालतो, आणि सेटिंगमधून जुनं चित्र परत आणता येतं. एकाच खोलीत उभं राहून आधी जुना उजेड बघायचा, मग नवा.