पर्लमधले एक्सेप्शन ऑब्जेक्ट: आठ महिने वापरल्यावर

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली आमची एक स्क्रिप्ट रोज रात्री दीडला चालते. पुरवठादारांच्या फाइली उचलते, तपासते, डेटाबेसात भरते. पूर्वी काही बिनसलं की 'डाय'ला (चूक फेकणारी आज्ञा) नुसतं वाक्य द्यायचो आणि वर 'इव्हॅल'पाशी (फेकलेली चूक पकडणारा ब्लॉक) ते रेजेक्सने, म्हणजे मजकुराच्या नमुन्याशी, ताडून बघायचो. एकदा सहकाऱ्याने संदेशातला 'टाइमआउट' काढून 'कनेक्शन तुटलं' लिहिलं. वाचायला ते जास्त बरं होतं. पण पुन्हा प्रयत्न करायचा का, हे त्या एका शब्दावर ठरत होतं. स्क्रिप्ट सलग तीन रात्री पहिल्याच अडथळ्याला थांबली.

मग मी एक्सेप्शन ऑब्जेक्टकडे वळलो, म्हणजे नुसत्या वाक्याऐवजी चुकीचा प्रकार आणि तपशील सोबत ठेवणारी वस्तू फेकायची. सुरुवातीला हाताने साधा क्लास लिहिला आणि सकाळी लॉगमध्ये 'हॅश'पुढे कंसात मेमरीचा पत्ता! चूक काय, पत्ताच नाही. म्हणून 'एक्सेप्शन::क्लास' हे तयार मॉड्यूल घेतलं. त्यातला ऑब्जेक्ट छापला की संदेशच दिसतो. नेटवर्क, फाइल आणि डेटा असे तीनच प्रकार ठेवले, तेवढे पुरतात.

खरा फायदा डेटाच्या चुकीत झाला. आम्ही फाइल पूर्ण वाचून मग तपासतो. त्यामुळे 'डाय' संदेशाला जोडतो तो ओळ क्रमांक स्क्रिप्टमधला असतो, बिघडलेल्या नोंदीचा नव्हे. आता ऑब्जेक्टमध्ये फाइलचं नाव, ओळ, रकाना आणि मूळ मजकूर असतो. '३१/०२/२०२५' ही तारीख कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर आहे, हे पुरवठादाराला सकाळी पहिल्याच मेलमध्ये कळवता येतं. पूर्वी यात माझा अर्धा दिवस जायचा.

त्रासही आहे. इतरांची मॉड्यूल अजून साधी स्ट्रिंगच (नुसता मजकूर) फेकतात, म्हणून मेथड बोलवण्याआधी हाती ऑब्जेक्ट आहे का, हे तपासावंच लागतं. पर्ल ५.३२ पासून 'इझा' हा ऑब्जेक्ट अमुक क्लासचा आहे का ते सांगणारा ऑपरेटर आल्याने हे एका ओळीत होतं.

जुन्या सर्व्हरवर पर्ल ५.१० आहे. तिथे एखाद्या डिस्ट्रक्टरमधला (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड) 'इव्हॅल' आपली चूक गुपचूप पुसू शकतो. ५.१४ मध्ये ते सुधारलं. जुन्या सर्व्हरवर मी चूक पकडायला 'ट्राय::टायनी' हे मॉड्यूल वापरतो, पण शेवटचा अर्धविराम विसरू नका, आणि आतला 'रिटर्न' फक्त त्या ब्लॉकमधून बाहेर पडतो, फंक्शनमधून नाही. या दुसऱ्या गोष्टीने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. नव्या सर्व्हरवर ५.४० आहे, त्यात भाषेचंच ट्राय-कॅच (चूक पकडायची रचना) स्थिर झालंय आणि 'रिटर्न' अपेक्षेप्रमाणे फंक्शनमधून बाहेर पडतो. जुना सर्व्हर बदलण्याची मागणी मी याच कारणासाठी लावून धरली आहे.