फायरफॉक्सचं एक्स्टेंशन पुढे कुठे न्यायचं, क्रोम की सफारी?

फायरफॉक्सवर ट्रॅकर (आपण नेटवर काय बघतो त्यावर पाळत ठेवणारा कोड) अडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं प्रोग्रॅम, मस्त चालतंय म्हणजे बाकीकडे कॉपी-पेस्ट होईल असं वाटतं, पण तसं काही नसतं. क्रोम वरवर सोपं, एकदाच ५ डॉलर भरले की अकाउंट सुरू आणि पब्लिकही तिथेच जास्त. घोडं अडतं मॅनिफेस्ट व्ही३ मध्ये, म्हणजे एक्स्टेंशनसाठीच्या क्रोमच्या नव्या नियमावलीत. फायरफॉक्समध्ये अजूनही प्रत्येक रिक्वेस्ट (पानाने बाहेरून काही मागवणं) आपला कोड बघतो आणि तिथल्या तिथे ठरवतो, जाऊ द्यायची का नाही. क्रोममध्ये नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हातात द्यायची, अडवाअडवी तो करणार, आपण दाराबाहेर! हमी ३०,००० स्टॅटिक, म्हणजे एक्स्टेंशनसोबतच दिलेल्या, नियमांची, वरचे मिळाले तर मिळाले. त्यात बॅकग्राउंडचा सर्व्हिस वर्कर (एक्स्टेंशनचा पडद्यामागे चालणारा कोड) ३० सेकंद काम नसलं की झोपतो, व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं गायब. युब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनची, याच बंधनांत बसणारी लाइट आवृत्ती उगाच नाही आली.

सफारीचं दुखणं वेगळं. एक्स्टेंशन अ‍ॅपमध्ये गुंडाळून अ‍ॅप स्टोअरवर टाकायचं, वर दरवर्षी ९९ डॉलर, तेही फुकट वाटायच्या गोष्टीसाठी. पण आयफोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालतच नाहीत, तिथे सफारीच.

मी तरी आधी क्रोम करेन, नियम एकदा त्या साच्यात बसवले की सफारीला बरेचसे तसेच चालतात.