ओआरएसची एक लिटरची पुडी: पावडर चोख, घोळ पाण्याच्या मापात

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि मेडिकलवर ओआरएसची, म्हणजे अंगातलं पाणी भरून काढणाऱ्या मीठ-साखरेच्या द्रावणाची, मागणी एकदम वाढते. 'इलेक्ट्रॉल द्या' म्हणायचं आणि दुकानदार जे काढून देईल ते घेऊन निघायचं, अशीच बहुतेकांची खरेदी असते. पण त्या नावाखाली हातात तीन वेगवेगळ्या वस्तू पडू शकतात: एक लिटर पाण्यात घालायची मोठी पुडी, एका पेल्याची छोटी पुडी, नाहीतर स्ट्रॉ लावलेला तयार पेयाचा खोका. हे परीक्षण मुख्यतः मोठ्या पुडीचं आहे. उरलेल्या दोन्हींचं ओघात येईलच.

पुडी पालथी करून घटक वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरसाठी मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम हवं. बेरीज 20.5 ग्रॅम. काही कंपन्या चवीसाठी थोडं काही मिसळतात, म्हणून वजन 21-22 ग्रॅमपर्यंत जातं, त्यात वावगं काही नाही. चार आकडे जुळले की पुडी कुठल्या कंपनीची आहे याला महत्त्व नाही. संत्र्याची चव घ्या की साधी, काम तेच. किंमत वीस-पंचवीस रुपयांच्या घरात.

हे प्रमाण इतकं काटेकोर का, ते कळलं की पुढच्या चुका आपोआप टळतात. जुलाबात आतड्याची नुसतं पाणी ओढून घ्यायची ताकद कमी झालेली असते, पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारी वाट सहसा शाबूत राहते. ती जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जातं. दोघांपैकी एक जास्त झालं की जोडी बिघडते. साखर फार झाली तर ती उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यामुळे या पुडीला किरकोळ पावडर समजू नये. ती औषध आहे आणि औषधाला माप असतं.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. पुडीवर 'एक लिटर पाण्यात मिसळा' एवढं बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही चकचकीत कागदावर, बऱ्याचदा इंग्रजीत. घरात लिटरचं माप कुठे असतं? तांब्या कुठे पाऊण लिटरचा, कुठे सव्वा लिटरचा. त्यातून दोन तऱ्हेचे घोटाळे होतात. एक, अख्खी पुडी पेलाभर पाण्यात ओतून 'कडक' द्रावण पाजलं जातं. लहान बाळाच्या रक्तात त्याने मीठ चढतं, तहान भागेनाशी होते, उलट्या होतात, फार चढलं तर झटके येतात. दोन, पुडी पुरवून वापरायची म्हणून अंदाजाने अर्धी आज, अर्धी उद्या. पावडर हलली की जड-हलके कण वेगळे होतात, त्यामुळे दोन्ही अर्ध्यांत सारखं मीठ येईल याचा भरवसा नाही. उघडलेली पुडी ओलही धरते.

उपाय सोपा आहे. बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली लिटरभर सहज मावेल अशा तांब्यात ओता, पाणी जिथवर येईल तिथे बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारा. तो तांब्या ओआरएसचा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या, रेघेपर्यंत भरा, पुडी कात्रीने कापून कोपऱ्यातला कणही न ठेवता रिकामी करा आणि तळाशी काही उरणार नाही इतकं ढवळा. मग चव घ्या. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट लागलं पाहिजे. त्याहून खारट लागलं तर माप चुकलंय, ते फेकून नव्याने करा. वरून साखर, लिंबू, दूध, सरबत काहीही घालू नये. तयार द्रावण पुन्हा उकळायचं नाही. झाकून ठेवायचं आणि 24 तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

एकट्या माणसासाठी किंवा लहान मुलासाठी 4 ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडी सोयीची. ती 200 मिलीसाठी असते. मात्र घरचा पेला 200 मिलीचा आहे ना, ते एकदा तपासा. ग्रॅमच्या हिशेबाने ती महाग पडते. पण शेतात, एसटीत, रेल्वेच्या प्रवासात तिचाच उपयोग जास्त.

खोक्यातल्या पेयाला सरसकट वाईट म्हणत नाही. खरं सूत्र असलेलं तयार द्रावणही औषध म्हणून मिळतं. ओळखायचं कसं? मागे 100 मिलीमागे किती साखर ते वाचा. ती 1.35 ग्रॅमच्या आसपास असेल तर ते ओआरएस. 8-10 ग्रॅम लिहिलं असेल, शेजारी एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असेल, तर ते गोड पेय आहे, तहानेला ठीक, जुलाबाला घातक. अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. त्यासाठी हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तरी नावावर जाऊ नका, मागची बाजू वाचा. ग्लुकोज पावडरीचंही तेच: तिच्यात साखर भरपूर आणि मीठ नसल्यात जमा, ती पुडीची जागा घेऊ शकत नाही.

जुलाबात किती द्यायचं, हे पुडीवर क्वचितच धड लिहिलेलं असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली, त्यापुढे तहान असेल तितकं. बाळाला वाटी-चमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत 20 मिलिग्रॅम झिंक रोज, पूर्ण 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ते मध्येच सोडू नका. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश खाली बसते, सहा तासांत लघवी नाही, मूल मरगळलंय, शौचात रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर पुडीवर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. वाटेत चमचा चालू ठेवायचा.

उन्हाच्या बाबतीत या पुडीकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात. रावेर-यावलकडे केळीचे घड उतरवणारा माणूस दुपारभर घाम गाळतो आणि वर नुसतं पाणी पितो, तेव्हा पोटऱ्यांत गोळे येतात. अशा दिवशी लिटरभर द्रावण घोटाघोटाने, बाकी साधं पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, हे चांगलं. पण घरात सावलीला बसलेल्याने रोज एक पुडी पिणं चूक आहे. एका लिटरमध्ये सुमारे 1.7 ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सव्वाचार ग्रॅमहून जास्त मिठाइतकं, आणि दिवसभराच्या सगळ्या खाण्यातलं मीठ 5 ग्रॅमच्या आत असावं असं सांगितलं जातं. बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. किडनीवाल्यांना यातलं पोटॅशियमही बाधू शकतं. मधुमेह असलेल्यांनी मात्र जुलाब लागल्यावर साखरेच्या धास्तीने हे टाळू नये, पेल्यात पावणेतीन ग्रॅमच साखर असते. साध्या उकाड्याला ताक, कैरीचं पन्हं, माठातलं पाणी पुरेसं आहे.

आणि लू लागून माणूस बरळायला लागला, चाल अडखळली, अंग भट्टीसारखं तापलं, तर पुडी बाजूला ठेवा. शुद्ध हरपत चाललेल्याच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात जातं. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा, 108 ला फोन करा. तिथे एक-एक मिनिट मोलाचं असतं.

अशक्तपणा आला की 'एक सलाईन लावून द्या' हा आपल्याकडचा आग्रह. साध्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, पोटॅशियम नाही, ग्लुकोज नाही. जो माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो, त्याचं काम सहसा या पुडीने भागतं, सुई न टोचता.

पुडी मिळालीच नाही तर एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा शीग लावून भरू नका. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सोबत पिकलेलं केळं कुस्करून द्या. ते तर आपल्या जळगाव जिल्ह्यातलंच आहे, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं.

साठवणुकीत खानदेशात दोन शत्रू: पत्र्याखालची धग आणि पावसाळ्यातली ओल. स्टीलचा झाकणाचा डबा, मधल्या खोलीत, माठापासून लांब. गाडीच्या डिक्कीत पुड्या ठेवू नका. वापरण्याआधी पुडी चिमटीत धरून हलवा, आत पावडर साखरेसारखी सरकली पाहिजे. गठ्ठा झालेली किंवा तांबूस पडलेली टाकून द्या. चार माणसांच्या घरात चार मोठ्या, सहा छोट्या पुड्या असाव्यात. विकत घेणं जड जात असेल तर आशाताई, अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा, तिथे मुलांसाठी पुड्या आणि झिंक मोफत मिळतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावसात रस्ता तुटतो, तिथे मृगाच्या आधीच साठा मागून ठेवावा. बाकीच्यांनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) साफसफाईत हा डबा उघडून पुड्यांवरच्या तारखा बघाव्यात.