उजेड झकास पण लाईट सुटत नाही, म्हणून ५ पैकी २ स्टार

चार महिने रोज पहाटे अंधारात सायकल चालवताना हा हेल्मेटचा लाईट वापरला आणि मग लिहितोय. उजेडाबद्दल तक्रार नाही, खरंच मस्त आहे. वळणावर हँडलचा लाईट सरळ झाडीत जातो, डोक्यावरचा आपण बघू तिकडे पडतो, पंक्चर काढताना दोन्ही हात मोकळे. बॅटरी आतच आहे त्यामुळे वायर खिशापर्यंत ओढत न्यावी लागत नाही, ते पण बरं.

तीन स्टार कापले ते माउंटसाठी. बॉक्समध्ये जाड नायलॉनचा पट्टा आणि कडक प्लास्टिकची क्लिप येते, लाईट त्यात खटकन बसतो आणि मग जागचा हलत नाही. सुरुवातीला मला तेच आवडलं होतं. मागच्या महिन्यात एका झुकलेल्या फांदीखालून जाताना नेहमीसारखं डोकं वाकवलं, पण लाईटची उंची हिशेबात धरलीच नाही. फांदी लाईटवर बसली, हेल्मेट मागे ओढलं गेलं, हनुवटीखालचा पट्टा गळ्यात रुतला आणि मानेला असा हिसका बसला की चार दिवस मान वळत नव्हती. पडलो नाही हे नशीब. घरी येऊन बघतो तर लाईट जसाच्या तसा, क्लिपला ओरखडासुद्धा नाही. कंपनीला कळवलं तर म्हणाले माउंट मजबूत आहे म्हणूनच टिकलं. अहो, पण टिकायला नकोच होतं ते!

हेल्मेट बाहेरून गोल गुळगुळीत असतं ते रस्त्यावर आपटलं की घसरावं म्हणून. आतला थर्माकोल दबून धक्का खातो आणि कवच घसरल्यामुळे डोक्याला पीळ कमी बसतो. त्यावर कडक खुंटी उभी असेल तर ती अडकते, डोकं जागेवर आणि अंग पुढे, म्हणजे सगळा पीळ मानेला आणि मेंदूला. मिप्सवालं हेल्मेट असलं, म्हणजे पीळ कमी बसावा म्हणून आत सरकणारा थर असलेलं, तरी तो थर १०-१५ मिमीच सरकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या सीपीएससीच्या (तिथला सरकारी ग्राहक सुरक्षा आयोग) सायकल हेल्मेटच्या नियमात लिहिलंय की हेल्मेटच्या बाहेर ७ मिमीपेक्षा जास्त असं काही उभं निघत असेल तर आपटल्यावर ते तुटून पडलं पाहिजे नाहीतर दबलं पाहिजे. पण ही टेस्ट हेल्मेटची, आपण नंतर त्यावर काय चढवतो ते कोण तपासणार? हा लाईट मी माउंटसकट पट्टीने मोजला, ४३ मिमी भरला.

ज्यांच्याकडे कुठलाही हेल्मेट लाईट आहे त्यांनी आजच एक करा. हेल्मेट एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने लाईटला बाजूने जोरात चापट मारा, पुढून मागून पण. लाईट उडून पडला पाहिजे. माझा तळवा लाल झाला, लाईट तिथेच. झिप टाय तर अजिबात लावू नका, तो तुटत नाही. हेल्मेटला ड्रिल नको आणि ग्लू पण नको, काही ग्लूमधल्या सॉल्व्हंटने थर्माकोल आतून खाल्ला जातो आणि वरून कळत पण नाही.

मी आता ती क्लिप काढून टाकली आणि लाईट पातळ रबरी रिंगने बसवलाय. चापट मारली की उडतो. खड्ड्यात थोडा हलतो, मधेमधे सरळ करावा लागतो, चालतं. पडून फुटला तर लाईट फुटेल.

अजून दोन गोष्टी. समोरच्या गाडीवाल्याकडे बघितलं की उजेड थेट त्याच्या डोळ्यात जातो, तेव्हा मान जरा खाली घ्यायची सवय लावून घ्या. आणि फक्त याच लाईटवर चालवू नका, उजेड आपल्या डोळ्यांच्या जवळूनच येतो त्यामुळे खड्ड्याची सावली दिसत नाही, खड्डा सपाट वाटतो, धुक्यात तर समोर नुसती पांढरी भिंत. मेन लाईट हँडललाच हवा, हा जोडीला.

कंपनीने बॉक्समध्ये त्या पट्ट्याऐवजी दोन रबरी रिंगा टाकल्या तर मी स्वतः येऊन इथले स्टार वाढवीन.