फोन, मिररलेस की हँडीकॅम? खान्देशात पहिली शॉर्ट फिल्म करणाऱ्यांसाठी

चाळीस हजारांचं बजेट, पंधरा मिनिटांची अहिराणी विनोदी फिल्म लिहून तयार, कलाकार गावातलेच. मग प्रश्न येतो: खिशातल्या बऱ्यापैकी फोनवरच करायची, सेकंड हँड मिररलेस किंवा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा, की लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे पडून असलेला हँडीकॅम स्वस्तात उचलायचा? दुकानात गेलात तर मेगापिक्सेल आणि ४के ऐकायला मिळेल. त्यावरून काही ठरवू नका. आधी पटकथा घेऊन बसा. किती प्रसंग दिवसा उघड्यावर आहेत, किती रात्री किंवा घरात, आणि बोलणं किती, हे कागदावर मांडा. निम्मा निर्णय तिथेच लागतो.

हँडीकॅमचं आधी आटपू. त्याचं काम वेगळं आहे. कीर्तन, तमाशा, शाळेचं गॅदरिंग, कानबाईची मिरवणूक अशा ठिकाणी तो अजूनही दोघांपेक्षा सरस. वीस-तीस पट ऑप्टिकल झूम, एका बोटावर सावकाश सरकणारा, आणि कार्ड भरेपर्यंत रेकॉर्डिंग न थांबणं. फोनचा झूम काही पटींनंतर नुसती कापाकापी असते आणि जुन्या अनेक डीएसएलआरचं रेकॉर्डिंग एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांवर बंद पडतं. पण हँडीकॅमचा सेन्सर बारीक, त्यामुळे संध्याकाळ झाली की चित्रात मुंग्या. कमी किमतीच्या बऱ्याच मॉडेलांना बाहेरचा माइक लावायची जागाच नसते. शिवाय जुने हँडीकॅम ५०आय म्हणजे इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांच्या अर्ध्या-अर्ध्या चित्रांत) रेकॉर्ड करतात. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, त्या याच्यामुळे. मेनूत २५पी किंवा ५०पी (पूर्ण चित्रं) असेल तर ते लावा, नाहीतर एडिटिंगमध्ये डीइंटरलेस करा. गोष्ट सांगणारी फिल्म करायची असेल तर हँडीकॅम घेऊ नका. खरी लढत उरलेल्या दोघांत आहे.

उन्हातला हिशोब

शॉर्ट फिल्मसाठी सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि १/५० शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, हे जोडगणित धरा. दोन कारणं. एक, या शटरला हालचाल डोळ्याला सवयीची वाटते. दुसरं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर ते दिसत नाही. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की भिंतीवर काळे पट्टे सरकायला लागतात. सोनीच्या कॅमेऱ्यात यासाठी मेनूत पॅल (५० हर्ट्झची पद्धत) निवडलेलं हवं, एनटीएससीवर (६० हर्ट्झची) असेल तर २५ फ्रेमचा पर्यायच दिसणार नाही.

आता मेमधल्या जळगावच्या उन्हात १/५० शटर म्हणजे प्रकाशाचा पूर. फोनच्या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र बहुतेक एफ १.८ च्या आसपास (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) कायमचं बसवलेलं असतं, ते लहान करता येत नाही. मग फोन आपोआप शटर १/२००० किंवा पुढे नेतो आणि बैलगाडीचं चाक, पळणारा पोरगा तुटक-तुटक हलतात. इलाज एकच: फोनला चिमट्यानं बसणारा एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची काळसर काच. तो सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) प्रकाश अडवतो आणि भर दुपारच्या उन्हाला साधारण तेवढंच लागतं. कॅमेऱ्यात एफ १६ पर्यंत छिद्र मिटवून फिल्टरशिवाय बरंचसं भागतं, पण मग मागची केळीची बाग, विजेचा खांब आणि चेहरा सगळं सारखंच ठसठशीत दिसतं. सेन्सरवरची धूळही ठिपके होऊन उमटते. मागचं धूसर हवं असेल तर कॅमेऱ्यालाही एफ २.८ वर एनडी ६४ लागतोच. फिरवून कमी-जास्त करायचा स्वस्त एनडी टाळा. जास्त गडद केला की फ्रेमभर काळी फुली येते.

उष्णतेचं गणित वेगळं. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात वापराची मर्यादा साधारण ४० अंश लिहिलेली असते, आयफोनची ३५. भुसावळचा मे महिना हे दोन्ही आकडे सहज ओलांडतो. फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग फ्रेम गाळतो, मग थांबतो. कव्हर काढा, विमान मोडवर टाका (कॉल आल्यावर रेकॉर्डिंग तुटणंही यानं टळतं), चार्जिंग लावून शूट करू नका, आणि ४के ऐवजी १०८०पी वापरा. बर्फाच्या डब्यात ठेवायची शक्कल करू नका. लेन्सच्या आतून वाफ धरते. सोनी झेडव्ही-ई१० सारखी लहान अंगाची मिररलेस ४के मध्ये तापते. तिच्यात ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर 'हाय'वर ठेवा आणि स्क्रीन बाहेर उघडून धरा. कॅनन २००डी हा डीएसएलआर फक्त फुल एचडी करतो, म्हणून या बाबतीत तो शांत. फोन असो की कॅमेरा, एक काळी छत्री आणि ती धरणारा माणूस लागतो. तसंही मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सूर्य इथे माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून दहा ते साडेचार चेहऱ्याचे शॉट ठेवूच नयेत. ठेवावेच लागले तर ओसरीत बसवा आणि बाहेरून पांढऱ्या थर्माकोलनं उजेड आत फेका.

उन्हातल्या या लढतीत फोन हरत नाही. आठवडे बाजारात तर जिंकतो, कारण कॅमेरा काढला की निम्मा बाजार लेन्सकडे बघत उभा राहतो.

रात्र पडली की

समजा पटकथेत भरीत पार्टी आहे: शेतात रात्री कपाशीच्या काटक्यांचा जाळ, त्यावर वांगी, भोवती सात-आठ माणसं. इथे फोन उघडा पडतो. अंधारातला गोंगाट पुसायच्या नादात तो चेहरे मेणासारखे गुळगुळीत करतो आणि ज्वाळा वर-खाली झाली की सगळं चित्र उजळ-काळं होत राहतं. एक्सपोजर (उजेडाचं माप) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा पिवळे-निळेपणा) लॉक केले की निदान हे उजळ-काळं होणं थांबतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आयफोन आणि निवडक अँड्रॉइड फोनवर शटर, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता), रंग सगळं हातात देतं.

पण 'रात्रीसाठी कॅमेरा' म्हणताना एक गफलत होते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किटची १८-५५ एमएम झूम लेन्स ५५ वर एफ ५.६ देते. फोनच्या एफ १.८ च्या मानानं सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर जवळजवळ दहापट कमी प्रकाश. मोठ्या सेन्सरचा सगळा फायदा ती लेन्सच खाऊन टाकते. म्हणून कॅमेरा घ्यायचा तर सोबत ५० एमएम एफ १.८ घ्यायचीच, नाहीतर तो व्यवहार रात्रीपुरता तोट्याचा. ही लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनला पक्का, आणि जाळाच्याच बाजूनं एक लहान एलईडी पॅनल पिवळ्या उजेडावर, एवढ्यावर प्रसंग निघतो. बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा आगीचा तांबूसपणाच काढून टाकेल.

५० एमएमची दोन दुखणी आहेत. कॅननच्या लहान सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून अडीच मीटरवर उभे राहिलात तरी फ्रेमची रुंदी जेमतेम १.१ मीटर. दोन माणसं खाटेवर बसलेली दाखवायची तर २४ एमएमच हवी. दुसरं म्हणजे एफ १.८ वर दोन मीटर अंतराला स्पष्ट दिसणारा पट्टा फक्त दहा-अकरा सेंटिमीटरचा. नट भाकरी घ्यायला वाकला की डोळे फोकसबाहेर. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चेहरा पकडणारा असेल तर चालेल. २००डी फुल एचडीत तो नीट करतो. त्याच्या पुढचं मॉडेल, २००डी मार्क टू, ४के वर टाकल्यावर चित्र कापतो आणि फोकस चाचपडतो, म्हणून त्याच्या डब्यावरचं '४के' बघून जास्त पैसे मोजू नका.

आवाज, जिथे फिल्म बुडते

अंधारलेलं चित्र प्रेक्षक सहन करतो. अहिराणी संवाद मात्र पुण्या-नाशिकच्या माणसाला मुळातच कान देऊन ऐकावे लागतात, ते घुमले तर तो व्हिडिओ बंद करतो. फोन असो की कॅमेरा, अंगचा माइक संवादासाठी निरुपयोगी, कारण अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. माइक तोंडाजवळ नेणं हाच उपाय.

सुरुवातीला तारेचा कॉलर माइक घ्या. हजार रुपयांच्या आत-बाहेर चांगला मिळतो. हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. सुती सदरा बरा. सिंथेटिक साडी खसखसते, तिथे पदराच्या आत चिकटपट्टीनं वायर दोन ठिकाणी पक्की करा. प्लग बघून घ्या: फोनच्या प्लगवर तीन रेघा, कॅमेऱ्याच्या प्लगवर दोन. उलटापालट केली की आवाज क्षीण येतो किंवा नुसती गुणगुण. फोनला जोडल्यावर माइक नखानं हळूच खरवडून एक चाचणी घ्या, कारण काही कॅमेरा ॲप बाहेरचा माइक बघतच नाहीत.

इथे फोनवाल्यांना एक सोपी युक्ती आहे. कॉलर माइक दुसऱ्या जुन्या फोनला लावा, रेकॉर्डर चालू करून नटाच्या खिशात टाका, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये टाळी. एडिटिंगमध्ये टाळी जुळवायची. मात्र फोनचे व्हिडिओ बरेचदा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत रेकॉर्ड होतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या मिनिटाला ओठ आणि आवाज फारकत घेतात. आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (फ्रेमचा वेग कायम) निवडून फाइल बदलून घ्या, मग एडिटिंगला बसा. कॅमेऱ्यात हा घोळ नाही. पण तिथे ऑटो लेव्हल बंद करून आवाजाची टोकं उणे १२ डेसिबलपाशी राहतील असं हातानं लावा, नाहीतर शांततेत सूं सूं वाढत जातं. २००डीला हेडफोन लावायची सोय नाही, झेडव्ही-ई१० ला आहे. संवादप्रधान फिल्म असेल तर या एका गोष्टीसाठी मी झेडव्ही-ई१० निवडेन.

दुपारच्या वाऱ्याला स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी लागते. टेक चालू असताना कूलर आणि पंखा बंद, कितीही उकडो. प्रत्येक जागेवर कुणीही न बोलता तीस सेकंद नुसता तिथला आवाज घ्या. विहिरीवरची मोटर मध्येच बंद पडली तर कटच्या खाली तोच भरायचा असतो.

मग पैसे कुठे?

कॅमेऱ्यावर बजेटच्या निम्म्याहून जास्त जाणार असेल तर तो घेऊ नका. उरलेल्यात ५० एमएम, दोन जादा बॅटऱ्या (झेडव्ही-ई१० ची एक बॅटरी तासाभराच्या आसपास चालते आणि शेतात चार्जिंग नाही), व्ही३० (व्हिडिओला पुरेशा वेगाचं) कार्ड, माइक आणि फ्लुइड हेडचा, म्हणजे न अडखळता वळणारा, ट्रायपॉड बसायला हवा. ४के १०० एमबीपीएसवर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही टिकत नाही. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) शेवटी, ट्रायपॉड आधी.

रात्रीचे प्रसंग दोन-तीनच असतील तर दिवस फोनवर आणि रात्र भाड्याच्या कॅमेऱ्यावर, हा सौदा सर्वांत स्वस्त. आषाढात लग्नं थांबली की तुळशीच्या लग्नापर्यंत शूटिंगवाल्यांचे कॅमेरे कपाटात असतात आणि भाडं उतरतं. फक्त एका प्रसंगात दोन्ही मिसळू नका. फोन कडा जास्त धारदार करतो, त्याच्या ॲपमध्ये शार्पनेस कमी करा. कॅमेऱ्यावर सपाट लॉग प्रोफाइलच्या (फिकट चित्र, रंग नंतर एडिटिंगमध्ये भरायचे) नादी न लागता साधा रंग ठेवा. दोघांवर २५ फ्रेम, १/५०, आणि प्रत्येक जागेवर पांढरा कागद धरून दोन सेकंदांचा एक शॉट घ्या, एडिटिंगमध्ये रंग त्यावरून जुळतो.

विकतच घ्यायचा झाला तर सेकंड हँड कॅमेरा दुकानात वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करून बघा. झाकण लावून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पांढरे-लाल ठिपके दिसतात का पाहा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, धूळ दिसेल. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे कोळ्यासारखे धागे शोधा. माइकच्या छिद्रात प्लग हलवून खरखर येते का ऐका. शटर काऊंटवर (आजवर किती फोटो काढले त्या आकड्यावर) घासाघीस करण्यात व्हिडिओवाल्यानं वेळ घालवू नये. जॅक सैल निघाला तर मात्र उठून यावं.